खेळाडू कोणाचा? होळकरांचा दरबार, कर्ट फ्लडचे पत्र आणि संमतीचा हक्क

१/
१५ नोव्हेंबर २०२५ रोजी आयपीएलमधील एक मोठी अदलाबदल जाहीर झाली. रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानकडे गेला आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईला आला. जडेजासोबत सॅम करनही राजस्थानला गेला. जडेजा तेव्हा सदतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. २०२३च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर दहा धावा काढून त्यानेच चेन्नईला विजेतेपद मिळवून दिले होते. त्याचे मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आले. या व्यवहाराला नियमानुसार एक गोष्ट आवश्यक होती, ती म्हणजे खेळाडूची संमती.

२/
उतरत्या वयाच्या, पण नाव अजून तळपत असलेल्या खेळाडूला एका संघाने दुसऱ्या संघाकडे द्यावे का, आणि द्यायचे झाल्यास त्याला विचारावे का? हा प्रश्न आयपीएलपेक्षा पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मराठी मुलखात तो न्यायालयात कधी पोहोचला नाही, कारण येथे खेळाडूचा करार कागदावर नसे. तो दरबारात असे. हा धागा त्या दोन इतिहासांचा आहे.

३/
आरंभ कोल्हापूरपासून. मुरगूड-कागलच्या पट्ट्यात जत्रेतल्या कुस्त्या पाहत वाढलेल्या वाचकाला ‘आश्रय’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी मल्लांना तालमी दिल्या, खुराक दिला आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. मल्लाची ताकद त्याची स्वतःची असे. दूध, तूप, बदाम मात्र दरबाराचे असत. मल्ल कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे लोकांच्या बोलण्यातच होते. तो अमक्या तालमीचा, तमक्या संस्थानचा मल्ल.

४/
संस्थानी क्रिकेटही याच रीतीने वाढले. नागपूरला ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मलेल्या सी. के. नायडूंना १९२३च्या सुमारास इंदूरच्या होळकरांनी बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले व ‘कर्नल सी. के.’ हेच त्यांचे नाव बनले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा करणारा आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी कर्णधार ठरलेला हा फलंदाज नोकरीने होळकरांचा लष्करी अधिकारी होता.

५/
या आश्रयाची चांगली बाजू आधी पाहावी. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चार वेळा करंडक जिंकला. त्यांतील नऊ हंगाम नायडू कर्णधार होते. १९४५-४६च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी द्विशतक केले, तेव्हा त्यांचे वय ५० होते. आजच्या व्यवस्थेत पन्नाशीचा फलंदाज संघात टिकणे कल्पनेतही येत नाही. दरबारात वयाचा हिशेब मांडणारा एकच माणूस असे. त्याने तो मांडला नाही, की खेळाडू खेळत राही.

६/
दुसरे नाव विजय हजारे. जन्म सांगलीचा, ११ मार्च १९१५चा. १९३९-४०च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक. त्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघ होता बडोदा. १९४१पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले आणि १९६१पर्यंत तेथेच राहिले.

७/
आजच्या भाषेत याला मोठी ‘खरेदी’ म्हटले असते. ज्याने आपल्याविरुद्ध त्रिशतक ठोकले त्यालाच बडोद्याने आपलेसे केले. पण हजारे ज्या संघाचे होते त्या महाराष्ट्राला याच्या बदल्यात काय मिळाले? काहीच नाही. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला होता. परंतु खेळाडूंच्या उपजीविकेची सोय करणारी तिजोरी त्याच्यापाशी नव्हती. बडोद्यापाशी आणि इंदूरपाशी ती होती. १९४६-४७च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली, ती बडोद्यासाठी आणि होळकरांविरुद्ध. महाराष्ट्राकडून खेळून गेलेले चंदू सरवटे तेव्हा होळकरांच्या बाजूला होते.

८/
मग हे खेळाडू स्वतंत्र होते की बांधलेले? एका अर्थाने ते आजच्यापेक्षा स्वतंत्र होते. एका राजाने दुसऱ्या राजाला खेळाडू ‘देऊन’ बदल्यात दुसरा घ्यावा, अशी रीत नव्हती. खेळाडूला बोलावणे येई आणि जायचे की नाही हे तो ठरवी. पण हा निर्णय संघ निवडण्यापुरता नसे. घर, पगार आणि म्हातारपणाची तरतूद यांचाही तो निर्णय असे. नकार द्यायचा तर आधी हातात दुसरी भाकरी हवी.

९/
ही भाकरी ज्याच्याजवळ होती असा एक माणूस पुण्यात होता. प्रा. दि. ब. देवधर संस्कृतचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राच्या त्या दोन्ही विजेत्या संघांचे कर्णधार तेच. १९४०-४१ साली मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या, तेव्हा त्यांचे वय ४८ होते. त्यांना पुण्याहून हलवणे कोणत्याही दरबाराला जमले नसते, कारण त्यांचा चरितार्थ बॅटीवर अवलंबून नव्हता. त्यांना असे अभय कोणत्याही कराराने दिले नव्हते. ते प्राध्यापकाच्या पगाराने दिले होते.

१०/
आणि आता भाऊसाहेब निंबाळकर. जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९चा. डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन जागतिक विक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना विश्रांतीच्या वेळी काठेवाडने सामनाच सोडून दिला. त्या संघाचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. फलंदाज बाद झाला नाही, त्याच्या कर्णधाराने डावही घोषित केला नाही. प्रतिपक्षाच्या संस्थानिकाची इच्छा संपली आणि डाव संपला.

११/
निंबाळकरांच्या संघांची यादी एका युगाचा नकाशाच आहे: बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य प्रदेश, राजस्थान, रेल्वे. १९३९-४० ते १९६४-६५ अशी पाव शतकाची कारकीर्द, प्रथम श्रेणीत ४,८४१ धावा, १२ शतके आणि एकही कसोटी सामना नाही. यादीचा आरंभ संस्थानाच्या संघाने होतो. तिच्या शेवटाकडे रेल्वे येते, म्हणजे सरकारी नोकरीचा संघ. तो रणजीत आला १९५८-५९ साली. आश्रयदाता बदलला. खेळ आणि नोकरी यांची गाठ मात्र कायम राहिली.

१२/
हा बदल घडवला संस्थानांच्या विलीनीकरणाने. इंदूर १९४८ साली मध्य भारतात गेले, बडोदा १९४९ साली मुंबई राज्यात. होळकर संघ आणखी काही वर्षे टिकला आणि १९५४-५५चा अंतिम सामना मद्रासकडून हरल्यावर ते नाव रणजीतून नाहीसे झाले. नायडू त्याआधीच बाहेर पडले होते. १९५३-५४मध्ये ते आंध्रकडून, तर १९५६-५७मध्ये वयाच्या ६१व्या वर्षी उत्तर प्रदेशाकडून खेळले. भारताच्या पहिल्या कर्णधाराचा शेवटचा रणजी हंगाम इंदूरपासून दूर, दुसऱ्याच प्रांताच्या टोपीखाली गेला. दरबारी आश्रयाला मुदत नव्हती आणि हमीही नव्हती.

१३/
याच काळात अमेरिकेत चित्र उलटे होते. तेथे लेखी करार होता आणि तोच बेडी ठरला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेसबॉलच्या करारांत ‘राखीव कलम’ असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. संघ त्याला विकू शके, दुसऱ्या संघातील खेळाडूच्या बदल्यात देऊ शके, सोडूनही देऊ शके. खेळाडूला मात्र दुसऱ्या संघाशी बोलण्याची मुभा नव्हती. मुकाट जाणे किंवा खेळ सोडणे, एवढेच त्याच्या हाती होते.

१४/
ऑक्टोबर १९६९मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने आपला मध्यक्षेत्ररक्षक कर्ट फ्लड याला फिलाडेल्फिया फिलीज संघाकडे देऊन टाकले. फ्लड ३१ वर्षांचा होता. बारा हंगाम त्याने सेंट लुईससाठी घालवले होते आणि १९६४ व १९६७ साली संघासोबत वर्ल्ड सिरीज जिंकली होती. क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला सात वेळा मिळाला होता. त्याचे घर, त्याचा व्यवसाय, त्याची माणसे सेंट लुईसमध्ये होती. त्याला कोणी काही विचारले नाही.

१५/
२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. बारा वर्षांच्या सेवेनंतर आपण खरेदी-विक्रीची वस्तू आहोत असे आपल्याला वाटत नाही आणि इतर संघांचे प्रस्ताव ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. आयुक्तांनी नकार दिला. फ्लड न्यायालयात गेला. १९७०चा संपूर्ण हंगाम त्याने सोडला. वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्या माणसाला कसले दुःख, असे विचारणारे पुष्कळ होते. गुलामाला पगार चांगला मिळाला तरी तो गुलामच राहतो, या अर्थाचे त्याचे उत्तर तेव्हा खूप गाजले.

१६/
जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू खटल्याच्या सुनावणीला आला नाही. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. मधल्या काळात १९७१ साली वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून त्याने बेसबॉल सोडले होते. त्याच्यापुरती लढाई हरली गेली. परंतु खटल्याने जो प्रश्न उभा केला तो मिटला नाही आणि संघमालकांना खेळाडूंच्या संघटनेशी तडजोड करावी लागली.

१७/
१९७३च्या सामूहिक करारात नवे कलम आले. ज्याने प्रमुख लीगमध्ये दहा वर्षे पूर्ण केली आणि त्यांतील शेवटची पाच एकाच संघात काढली, त्याला त्याच्या संमतीविना दुसऱ्या संघाकडे देता येणार नाही. याला ‘दहा-पाच’चा नियम म्हणतात. यातील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. वीस वर्षांच्या मुलाला हे संरक्षण दिलेले नाही. एका गावात वर्षे काढलेल्या, तेथे मुळे रुजलेल्या आणि म्हणूनच हलवणे जड जाणाऱ्या माणसाला ते दिलेले आहे. कायद्याने वयाला आणि सहवासाला किंमत दिली.

१८/
हा हक्क प्रथम वापरला शिकागो कब्जच्या रॉन सँटोने. १९६०पासून तो कब्जसाठी तिसरा तळ सांभाळत होता. डिसेंबर १९७३मध्ये संघाने त्याला कॅलिफोर्नियाला पाठवायचे ठरवले. ३३ वर्षांचा सँटो ‘नाही’ म्हणाला. त्याला शिकागो सोडायचे नव्हते. अखेर त्याच शहरातील व्हाइट सॉक्सशी व्यवहार झाला. सँटोचा संघ बदलला, गाव बदलले नाही. पुढे तो एकच हंगाम खेळला. एका उतरत्या खेळाडूच्या कारकिर्दीत त्या नकाराने फारसा फरक पडला नाही. प्रथा मात्र पडली.

१९/
१९७५च्या अखेरीस लवादाच्या निकालाने राखीव कलमाचा कणाच मोडला. त्यानंतर मोठे खेळाडू आपल्या व्यक्तिगत करारातच ‘आमच्या संमतीविना अदलाबदल नाही’ असे कलम लिहून घेऊ लागले. असे कलम व्यवहार अडवण्यासाठीच असते, असा समज आहे. तो अपुरा आहे. २०१७ साली जस्टिन व्हरलँडर बारा वर्षांचे डेट्रॉइट सोडायला अगदी मुदत संपता संपता तयार झाला आणि त्याच वर्षी ह्यूस्टनसोबत वर्ल्ड सिरीज जिंकला. नकाराचा हक्क असल्यामुळे त्याचा होकार हा खराखुरा होकार होता.

२०/
आता पुन्हा भारतात. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा सचिन, द्रविड, गांगुली, सेहवाग आणि युवराज हे पाच ‘आयकॉन’ खेळाडू लिलावाबाहेर ठेवले गेले. प्रत्येक जण आपल्या शहराच्या संघाचा आणि संघातील सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक मानधनाचा धनी. पण हा मान कायमचा नव्हता. जानेवारी २०११च्या लिलावात गांगुलीवर कोणीच बोली लावली नाही. त्याच वर्षी तो पुणे वॉरियर्समध्ये आला. ५ मे २०१२ रोजी पुण्याचा कर्णधार म्हणून तो ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा कोलकात्याच्या प्रेक्षकांची निष्ठा दुभंगलेली होती.

२१/
आयपीएलमध्ये संघासंघांतील अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते, आणि ती दहा वर्षांच्या सेवेनंतर नव्हे, पहिल्या दिवसापासून. वरकरणी हा अमेरिकेहून उदार नियम. नगर जिल्ह्यातील अजिंक्य रहाणे नोव्हेंबर २०१९मध्ये राजस्थानहून दिल्लीला गेला, तो याच मार्गाने. मग अमेरिकेतील कलम अधिक बळकट का समजले जाते? कारण तेथे नकार दिल्यावरही करार शाबूत राहतो आणि ठरलेले पैसे मिळतात. येथे संघ हंगामाअखेर खेळाडूला मुक्त करू शकतो. मुक्त झालेला खेळाडू लिलावात जातो. लिलावात कोण बोली लावणार आणि कोणत्या गावी जावे लागणार, हे त्याला कोणी विचारत नाही.

२२/
दुसरा भेद दिशेचा आहे. २०१० साली एका तरुण खेळाडूवर आयपीएलने वर्षभराची बंदी घातली होती. राजस्थानशी बांधलेला असताना त्याने परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी केली, हा त्याचा अपराध. त्याचे नाव रवींद्र जडेजा. पंधरा वर्षांनंतर संघांनीच आपापसांत बोलणी करून त्याला त्याच राजस्थानकडे पाठवले, त्याच्या संमतीने. संघाने पुढाकार घेतला तर तो व्यवहार. खेळाडूने घेतला तर तो नियमभंग. फ्लडने १९६९ साली जो हक्क मागितला होता, तो नेमका या दुसऱ्या दिशेचा होता.

२३/
या सगळ्या माणसांना एका ओळीत उभे केले, की संमतीचे मोल कशावर ठरते ते दिसते. देवधरांजवळ करार नव्हता, पण नोकरी होती. नायडूंजवळ हुद्दा होता. तो देणारे राज्यच गेले. फ्लडजवळ पैसा आणि कीर्ती दोन्ही होते, नकाराचा हक्क नव्हता. सँटोजवळ तो होता आणि नकारानंतरही त्याच्या पगाराला धक्का लागणार नव्हता. ‘नाही’ म्हटल्यावर ज्याचे घर चालू राहते, त्याच्याच ‘हो’ला अर्थ असतो. कागदावरचे कलम हे घर चालू ठेवण्याचे एक साधन आहे, आणि ते मिळवण्यासाठी कोणाला तरी आपले उमेदीचे हंगाम गमवावे लागतात.

२४/
पुढच्या वेळी एखाद्या उतारवयातील ताऱ्याच्या अदलाबदलीची बातमी आली, तर कोणाला किती कोटी मिळाले यापलीकडे तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. बोलणी कोणी सुरू केली? खेळाडू नकार देता तर त्याचे काय झाले असते? आणि ज्या गावाने त्याला आपला मानले, त्या गावाचा या व्यवहारात कोठे उल्लेख आहे का? होळकरांच्या दरबारापासून आजच्या लिलावापर्यंत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बदलत आली आहेत. तिसऱ्याचे उत्तर अजून कोणत्याही करारात लिहिलेले नाही.